आधी मिरची, मग सारण

मेक्सिकन पद्धतीची भरली मिरची घरी करायची म्हटलं की दोन वाटा दिसतात. पहिली वाट मेक्सिकोच्या घराघरांतल्या ‘चिले रेयेनो’ची. पोब्लानो नावाची तळहाताएवढी, गडद हिरवी, देठाशी रुंद आणि टोकाकडे निमुळती मिरची विस्तवावर भाजायची, साल काढायची, चीर देऊन बिया आणि शिरा काढायच्या, आत चीज किंवा परतलेला खिमा भरायचा, मैद्यात घोळवून फेसलेल्या अंड्यात बुडवून तळायची आणि टोमॅटोच्या पातळ रश्शात वाढायची. दुसरी वाट अमेरिकेतून जगभर पसरली. तीत ढोबळी मिरची कापून पोकळ करायची, कच्चीच ठेवून तिच्यात शिजलेला भात, राजमा, खिमा, जिरेपूड भरायची, वर चीज किसायचं आणि ओव्हनमध्ये सारायचं. घरी करणाऱ्यानं यातली कोणती वाट धरावी, हा इथला प्रश्न आहे. आपल्याकडच्या जुन्या शास्त्रचर्चेत विरोधकाचं म्हणणं आधी पूर्ण ताकदीनिशी मांडायचं आणि मगच उत्तर द्यायचं, अशी शिस्त होती. तीच इथे पाळली आहे. उत्तरपक्ष हे प्रस्तुत लेखकाचं मत आहे.

पूर्वपक्ष : घरी सोपी आवृत्तीच करावी असं माझं म्हणणं आहे, आणि ते आळसापोटी नाही. ज्या पदार्थाला तुम्ही मंडळी अस्सल म्हणता तो मुळातच सरमिसळीतून जन्मलेला आहे. १५१९ मध्ये स्पॅनिश सेनानी एर्नान कोर्तेस मेक्सिकोच्या किनाऱ्यावर उतरला, त्याआधी त्या भूमीत कोंबडीची अंडी नव्हती, गाईच्या दुधाचं चीज नव्हतं, गहू नव्हता, डुक्कर नव्हतं आणि तळणीपुरती चरबीही नव्हती. म्हणजे आवरण स्पेनचं, सारण स्पेनचं, तळण्याची रीतही स्पेनची. पुएब्ला शहराचा मानाचा पदार्थ ‘चिलेस एन नोगादा’ घ्या. ऑगस्ट-सप्टेंबरात तो होतो. मिरचीवर ताज्या अक्रोडाचा पांढरा सॉस, त्यावर डाळिंबाचे दाणे आणि पार्सलीची हिरवी पानं, असे मेक्सिकोच्या झेंड्याचे तीन रंग ताटात येतात. गोष्ट अशी सांगतात की २४ ऑगस्ट १८२१ रोजी कोर्दोबाचा तह झाला, मेक्सिकोच्या स्वातंत्र्याला मान्यता मिळाली, आणि २८ ऑगस्टला, संत आगुस्तीनच्या दिवशी, सेनानी आगुस्तीन दे इतुर्बिदेच्या स्वागताला पुएब्लाच्या सांता मोनिका मठातल्या नन्सनी हा पदार्थ रचला. गोष्ट सुरस आहे, पण तिला आधार आहे तो ऐकीव परंपरेचा. आणि त्या ताटातले अक्रोड, डाळिंब, बदाम, मनुका, सफरचंद, पीच, डुकराचं मांस यांपैकी काहीही मूळ मेक्सिकोचं नाही. देशाच्या स्वातंत्र्याची खूण म्हणून मिरवला जाणारा पदार्थच जर बाहेरून आलेल्या सामानावर उभा असेल, तर पुण्या-नागपुरातल्या एखाद्या घरी ढोबळी मिरचीत भात आणि पनीर भरलं म्हणून कोणाचं काय बिघडतं?

उत्तरपक्ष : तुमचा इतिहास बरोबर आहे, त्यातला एकही शब्द मला खोडायचा नाही. उलट तुमची यादी मी आणखी वाढवतो. मेक्सिकोत मिरचीत काय भरावं याला आजही धरबंध नाही. चीज आणि खिमा तर आहेच, शिवाय घोटलेल्या घेवड्याच्या बिया, बटाटा, मका, भोपळ्याची फुलं, डब्यातला ट्यूना, कांपेचेच्या किनाऱ्यावर लहान शार्कचं मांस, असं काहीही भरलं जातं. चीजसुद्धा प्रांताप्रांतानुसार बदलतं. कुठे तार सुटणारं ओआहाकाचं, कुठे चिवावाचं. आवरणावरून तर पुएब्लातच दोन तट आहेत. नोगादाची मिरची अंड्यात घोळवून तळलेलीच हवी असं एक म्हणतो, आवरणानं अक्रोडाची चव मरते असं दुसरा म्हणतो. सारणात पूर्वी ‘आसित्रोन’ नावाची पाकवलेली निवडुंगाची वडी हटकून असायची. ज्या गोल निवडुंगापासून ती करतात तो वाढायला अनेक दशकं घेतो आणि आता कायद्यानं संरक्षित आहे, म्हणून जाणते स्वयंपाकी तिच्याजागी दुसरी पाकवलेली फळं घालतात, आणि पदार्थ तोच राहतो. पण एवढं सगळं बदलत असताना जे एक बदललं नाही त्याकडे तुम्ही पाहिलं नाही. तुम्ही मोजलेल्या बाहेरच्या सामानात मिरची नव्हती. ती त्याच मातीतली आहे. पुएब्ला राज्याच्या दक्षिणेला तेवाकानच्या खोऱ्यातल्या गुहांत मिरचीचे हजारो वर्षांपूर्वीचे अवशेष सापडले आहेत. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानं पुरातत्त्व, जनुकशास्त्र, भाषांचा इतिहास आणि हवामान असे चार प्रकारचे पुरावे एकत्र ठेवून, आज जगभर पिकणाऱ्या कॅप्सिकम ॲन्यूम या मिरचीची पहिली लागवड मध्य-पूर्व मेक्सिकोच्या पट्ट्यात झाली असावी असा निष्कर्ष काढला. स्पेनहून चीज आलं, अंडी आली, अक्रोड आले. त्या सगळ्यांना तिथल्या बायकांनी मिरचीच्या आत नाहीतर मिरचीच्या वर बसवलं. पाहुणे बदलत गेले, यजमानीण तीच राहिली. म्हणून सारणाचं स्वातंत्र्य मी तुम्हाला पूर्ण देतो, पण मिरचीला नुसतं भांडं समजायला माझा विरोध आहे. सोप्या आवृत्तीत नेमकं तेच होतं. मिरची कच्ची राहते, भात-राजमा-चीज खाल्लं जातं आणि टरफल ताटाच्या कडेला उरतं.

पूर्वपक्ष : म्हणजे फिरून तुम्ही भाजण्यावर आणि सोलण्यावर आलात. पण तो नियम मेक्सिकोतच मोडलेला आहे. पिकलेली पोब्लानो वाळवली की तिला आंचो म्हणतात. ती सुकी मिरची भिजवून भरतात, तिची साल कोणी काढत नाही. ओआहाकात मिहे लोकांच्या डोंगराळ मुलखातली धुरावलेली पासिया मिरची भरतात, तीही सुकी. वेराक्रुझकडे हालापेन्यो भरतात, आणि तिचा जाळ कमी करायला ती गुळाच्या किंवा व्हिनेगरच्या पाण्यात उकळतात. मग भाजून सोलणं हा पदार्थाचा प्राण कसा? तुम्ही एका प्रांताची सवय उचलून तिला तत्त्व बनवता आहात. पाककृतिलेखिका डायना केनेडीनं १९७२ मध्ये ‘द क्विझिन्स ऑफ मेक्सिको’ लिहिलं आणि पुढची पन्नास वर्षं ती लोकांना चुकीच्या मिरचीबद्दल, आडवाटांबद्दल रागावत राहिली. तिचा अभ्यास मोठा होता हे मान्य, पण त्या रागानं कितीतरी घरची माणसं मेक्सिकन स्वयंपाकाच्या वाटेलाच गेली नसतील. तुमचं म्हणणंही सोवळंच आहे, फक्त त्याचा घेर लहान आहे.

उत्तरपक्ष : तुमची तिन्ही उदाहरणं माझ्या बाजूची आहेत. नियम मी सैल शब्दांत मांडला, तो तुमच्या उदाहरणांनी नेमका झाला. सुकी आंचो भिजवतात, पासिया आधी धुरात वाळवतात आणि मग भिजवतात, हालापेन्यो उकळतात, पोब्लानो भाजतात. क्रिया चार आहेत, पण चौघींत एक गोष्ट समान आहे : सारण भरण्याआधी मिरचीवर तिचा स्वतःचा वेगळा संस्कार होतो. भरायच्या क्षणी ती खाण्याजोगी झालेली असते. हाच तो नियम, आणि तो वंशावळीवर उभा नाही, कारणांवर उभा आहे. पहिलं कारण वेळेचं. आत चीज आहे. ते वितळायला काही मिनिटं पुरतात. खिमा असेल तर तो आधीच शिजलेला असतो. आवरण सोनेरी व्हायला त्याहून कमी वेळ लागतो. एवढ्या वेळात कच्च्या मिरचीचा जाड गर शिजत नाही. म्हणून तिला आधीच शिजवून ठेवावं लागतं, नाहीतर सारण होतं आणि मिरची करकरीत राहते. दुसरं कारण सालीचं. मिरचीच्या सालीवर मेणचट थर असतो. गर मऊ झाला तरी साल मऊ होत नाही, दातांखाली ती प्लास्टिकसारखी सुटी होऊन येते. तिच्यावर फेसलेलं अंडं धरत नाही आणि रस्साही मुरत नाही. तिसरं कारण चवीचं. कच्च्या हिरव्या मिरचीची चव गवताकडे झुकणारी असते. ज्वाळेनं साल करपते तेव्हा तिच्याखालच्या गरात धुरकट गोडी उतरते, आणि पोब्लानोची म्हणून जी चव ओळखली जाते ती याच टप्प्यावर तयार होते. चौथं कारण तिखटाचं. तिखटपणा बियांत नसतो. बिया ज्या पांढऱ्या गाभ्याला आणि शिरांना चिकटलेल्या असतात तिथे तो तयार होतो. भाजून मऊ झालेल्या मिरचीच्या शिरा बोटांनी अलगद सुटतात. या चार कारणांत ‘आजी असं करायची म्हणून’ असं एकही नाही. केनेडीबाईंच्या रागाशी मला देणंघेणं नाही, पण त्या ज्याची राखण करत होत्या त्यात कारणंही होती, हे विसरून चालणार नाही. २०१० मध्ये युनेस्कोनं पारंपरिक मेक्सिकन पाकसंस्कृतीला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं, तेव्हाही भर पदार्थांच्या जंत्रीवर नव्हता. शेतीच्या पद्धती, मका चुन्याच्या पाण्यात उकळण्यासारख्या क्रिया आणि त्या करणारे समाज यांवर होता. हातातली रीत टिकली की तिच्यातून हजार पदार्थ निघतात.

पूर्वपक्ष : कारणं पटण्याजोगी आहेत, पण ती सगळीकडे लागू पडतात का? तुर्कस्तानात बिबेर दोल्मा करतात, हंगेरीत तोल्तोत पाप्रिका करतात. दोन्हीकडे मिरची कच्चीच भरतात, साल कोणी काढत नाही, आणि त्या पदार्थांना कमअस्सल कोणी म्हणत नाही. शिवाय सोप्या आवृत्तीतही काही सुजाण लोक ढोबळी मिरची आधी उकळत्या पाण्यात काढून घेतात. तुमच्या व्याख्येनं तोही संस्कारच झाला.

उत्तरपक्ष : तुर्की आणि हंगेरीच्या पाककृती थोड्या जवळून पाहा. तिथे आत भरतात ते कच्चे तांदूळ, आणि हंगेरीत त्यांच्यासोबत कच्चा खिमा. मग मिरच्या पातेल्यात उभ्या लावून, पाण्यात किंवा टोमॅटोच्या रश्शात मंद आचेवर पाऊण तास-तासभर शिजवतात. मिरचीला सुटणारं पाणी तांदूळ पितो, तांदळाची वाफ मिरचीला आतून शिजवते, आणि दोघं एकाच वेळी तयार होतात. ती रचना पूर्ण आहे, तिच्यात संस्कार आधी होत नाही कारण तो सारणाबरोबर होतो. चिले रेयेनोची रचना उलटी आहे : मिरची आधी, सारण मागून, शेवटचा विस्तव थोडका. सोपी आवृत्ती दोन्हींच्या मधे अडकते. तिनं सारण घेतलं शिजलेलं, चिले रेयेनोसारखं. मिरची घेतली कच्ची, दोल्मासारखी. आणि वेळ दिला अर्ध्या तासाचा, जो एकीला जास्त आणि दुसरीला कमी. म्हणून भात कोरडा पडतो, चीज कडक होतं, ताटात पाणी साचतं आणि मिरची चामट लागते. दोष कुणाच्या हाताचा नाही, रचनेचा आहे. उकळून घेण्याबद्दल म्हणाल, तर कच्चीपेक्षा ते बरं हे मी कबूल करतो. गर मऊ होतो. पण चव पाण्यात जाते, साल तशीच राहते आणि पाणी धरून बसलेल्या मिरचीत भरलेलं सारण आणखी ओलं होतं. ढोबळी मिरचीच वापरायची तर तीही भाजून सोलावी. स्पेनच्या नवार्रा प्रांतात लोदोसाची पिकियो मिरची गोडच असते, तिखट नसते. तिला भाजतात, हातानं सोलतात, पाण्याचा स्पर्शही होऊ देत नाहीत, आणि मग खारवलेला मासा भरतात. गोड मिरचीलाही तोच संस्कार फळतो याचा याहून चांगला दाखला नको.

पूर्वपक्ष : मग आता महाराष्ट्रातल्या स्वयंपाकघरात या. पोब्लानो मंडईत मिळत नाही. बऱ्याच घरांत अंडं चालत नाही. वाटीभर तेलात तळलेलं रोज कोणाला झेपत नाही. आणि संध्याकाळी कामावरून आलेल्या माणसानं सहा मिरच्या जाळून, सोलून, चिरून, भरून, फेसून, तळून ताट कधी वाढायचं? कारणं कितीही सुंदर असली तरी वेळ कुठून आणायचा?

उत्तरपक्ष : इथेच माझा नियम तुमच्या उपयोगी पडतो, कारण एका गोष्टीला धरून ठेवलं की बाकीचं सोडता येतं. तळणं आणि अंडं या दोन्ही अडचणी एकदमच सुटतात, कारण मेक्सिकोतच आवरणाशिवायची मिरची घरोघर होते. भाजून सोललेली मिरची चीज भरून तव्यावर झाकण ठेवून गरम करायची आणि टोमॅटोच्या रश्शात सोडायची. अंडं चालत नाही म्हणून बेसनात बुडवू मात्र नये. पांढरा भाग घट्ट फेसून त्यात पिवळा बलक हलकेच मिसळला की आवरण हवेनं भरलेलं होतं आणि रस्सा शोषून घेतं. बेसनाचं आवरण दाट असतं, रश्शात ते लगदा होतं. भज्याची जागा चटणीशेजारी आहे. चीजचं म्हणाल तर तार हवी असेल तिथे मोझरेला चालेल, ओआहाकाचं चीजही ताणूनच घडवतात. पनीर वितळत नाही, पण मेक्सिकोचं ताजं पांढरं चीजही आकार धरूनच राहतं, तेव्हा पनीरला कमी लेखायचं कारण नाही. मिरची म्हणून जाड गराची, फार तिखट नसलेली कुठलीही घ्या. पोब्लानोचा तिखटपणा स्कोव्हिल मापावर साधारण १,००० ते २,००० असतो, ढोबळीचा शून्य. तिखट हवंच असेल तर सारणात घाला. आणि भाजण्याचं कसब मराठी घराला शिकवावं लागत नाही. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या गलबतांतून गोव्याच्या बाजूनं मिरची या किनाऱ्यावर आली तेव्हा तिच्याबरोबर कृती आल्या नाहीत, पण भरताचं वांगं गॅसवर फिरवून सोलणारा हात इथे आहेच. मिरचीला त्याहून कमी वेळ लागतो. ज्वाळ मोठी ठेवायची, मिरची चिमट्यानं फिरवायची, साल सगळीकडून फुगून काळी पडेपर्यंतच. त्यापुढे गेलं तर गर शिजून भरताना फाटतो. मग दहा-पंधरा मिनिटं ओल्या फडक्यात किंवा झाकणाखाली ठेवायची. वाफेनं साल सुटते. नळाखाली धुवायची नाही, कारण जी चव आणायला विस्तव केला तीच वाहून जाते. काळे कण राहिले तर राहू द्यावेत. देठ ठेवून एका बाजूला उभी चीर द्यायची, बियांची गाठ देठाजवळ सुरीच्या टोकानं कापायची, शिरा ओढून काढायच्या आणि आतून फडक्यानं टिपायची. एवढं रविवारी करून ठेवता येतं. सोललेल्या मिरच्या फ्रीजरमध्ये नीट राहतात. अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यात शरद ऋतूत बाजाराबाहेर जाळीच्या पिंपांत मिरच्या पोत्यानं भाजून देतात आणि घरं त्या वर्षभरासाठी साठवतात, ते याचसाठी. टोमॅटो, कांदा, लसूण वाटून, गाळून, थोड्या तेलावर परतून पातळ केलेला रस्साही आदल्या दिवशी होतो. मग बुधवारी संध्याकाळी उरतं ते भरणं आणि गरम करणं.

पूर्वपक्ष : तरीही एक उरतंच. काहींना करकरीत मिरची आणि वर भाजलेलं चीज मनापासून आवडतं. आवडीला कारणांनी हरवता येत नाही.

उत्तरपक्ष : हरवायचंही नाही. करकरीत मिरची ज्याला आवडते त्यानं ती खुशाल खावी. माझा आक्षेप त्याच्या जिभेला नाही. माझं म्हणणं ज्याला मेक्सिकोची चव हवी आहे आणि मिळत नाही त्याच्यासाठी आहे. तो माणूस चीज बदलतो, मसाला वाढवतो, बाजारातलं महागडं पाकीट आणतो, आणि पदार्थ तरी जुळत नाही, कारण तो सारणात शोधतो आणि हरवलेलं असतं मिरचीत. त्याला दोन सरळ पर्याय आहेत. वेळ थोडा आणि हात मोकळा असेल तर मिरची भाजून, सोलून घ्यावी आणि मग घरात असेल ते भरावं. हात अडकलेला आणि चूल मोकळी असेल तर कच्च्या मिरचीत कच्चे तांदूळ भरून तासभर मंद आचेवर शिजू द्यावं. ती तुर्की वाट होईल, पण ती पूर्ण असेल. टाळायची ती फक्त मधली वाट, शिजलेलं सारण कच्च्या मिरचीत कोंबण्याची. सामान हाताशी नसेल तर बदलावं, प्रसंग साधा असेल तर आवरण सोडावं, अंडं चालत नसेल तर वगळावं. मेक्सिकोनं पाचशे वर्षं हेच केलं आहे. पण त्या पाचशे वर्षांत जी मेहनत तिथल्या स्वयंपाकघरांनी वाचवली नाही, ती वाचवण्याआधी ती का टिकली हे एकदा विचारावं. मिरचीवर घालवलेली ती वीस मिनिटं काढून टाकली, तर उरलेल्या सगळ्या खटपटीला मेक्सिकोशी जोडणारं काहीच शिल्लक राहत नाही.